स्वयंपाकघर नसलेली खोली

कॉर्कला जायचा विषय निघाला त्याच दिवशी मी नवऱ्याला सांगून टाकलं, की ज्या जागेत शेगडी असेल त्या जागेत मी पाऊल ठेवणार नाही. तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय.

मी गंमत करत नव्हते. मार्च २०२० पासून आयर्लंडमधल्या डंडॉकच्या आमच्या घरात मी सकाळ, दुपार, संध्याकाळ रांधत होते. त्याआधी नवरा दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवायचा, मुलगी शाळेत सँडविच न्यायची आणि मी माझ्या डेस्कवर मिळेल ते खायची. लॉकडाऊन लागलं आणि तिघंही घरात कोंडले गेलो. नवऱ्याने वरची खोली घेतली, कारण त्याला दार लावून बोलावं लागतं. मला जेवणाचं टेबल मिळालं, म्हणजेच स्वयंपाकघर. मीही सॉफ्टवेअर टेस्टिंगची पूर्णवेळ नोकरी करत होते, हे सांगायला हवं, कारण घरात ते कुणाच्या लक्षात नव्हतं. मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून मी फोडणी घालायची. सगळ्यांना वाढून मी बसेपर्यंत माझं ताट गार झालेलं असायचं. बाराच्या सुमाराला जिन्यावरून हाक यायची, "अगं, आज काय आहे?" या प्रश्नाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. प्रश्न अगदी साधा होता, पण त्याचं उत्तर रोज मीच द्यायचं होतं.

एकवीसच्या मे महिन्यात बातमी आली, की जूनच्या सुरुवातीला मुक्कामाची हॉटेलं उघडणार. बाकीच्या रेस्टॉरंटना बाहेरची टेबलं मांडायला त्यापुढच्या सोमवारपर्यंत थांबायचं होतं. आत बसून जेवायची मुभा फक्त हॉटेलात उतरलेल्यांना. म्हणजे सोमवारच्या सुट्टीला जोडून आलेल्या त्या शनिवारी कुणी आपल्याला वाढावं असं वाटत असेल, तर हॉटेलात खोली घेण्यावाचून मार्ग नव्हता. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. मग कॉर्कचा नकाशा उघडला. नदीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेलं जुनं शहर, तटबंदीचा किल्ला, घंटांचा मनोरा, छताखालचा जुना बाजार. सकाळी किल्ला, दुपारी बाजारात नुसते मासे आणि चीज बघत हिंडायचं, संध्याकाळी जेवण. खरं सांगायचं तर किल्ला आणि मनोरा ही तोंडीलावणी होती. मला एका टेबलाशी बसायचं होतं. कुणीतरी येऊन काय हवं विचारावं, ते आणून द्यावं आणि खाऊन झालं की ताट उचलून न्यावं. एवढ्यासाठी मी देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायला तयार होते.

नवऱ्याने काय करावं? त्याने आपल्या मित्राला विचारलं. "म्हटलं, तेही कंटाळलेत, येतील सोबत."

हा मित्र त्याच्या पुण्याच्या कॉलेजातला, डंडॉकमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. अख्ख्या लॉकडाऊनभर तो ग्रुपवर बायकोने केलेल्या जिलब्यांचे आणि पाणीपुरीचे फोटो टाकत होता, खाली लिहायचा, "घरच्या घरी!" जणू पुऱ्या त्यानेच लाटल्या होत्या. त्याची बायको माझ्याहून लहान, मला ताई म्हणायची आणि नवऱ्याच्या प्रत्येक वाक्यावर मान हलवायची. मला ती कधीच आवडली नव्हती.

प्लॅनिंगची मीटिंग आमच्या मागच्या अंगणात ठरली. साहजिकच पोहे मी केले, चहाही मी केला. मित्राने तिसऱ्यांदा पोहे घेतले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"वहिनी, हे बघा. हॉटेल कॅन्सल. घर घेऊया. नदीपलीकडेच आहे. सहा बर्नर, मोठा फ्रीज, डिशवॉशर, सगळं ग्रँड. पहिल्या दिवशी तुमच्या हातची पावभाजी, दुसऱ्या दिवशी मसालेभात. मसाले इथूनच नेऊ."

"आणि बघायचं काय काय?" मी विचारलं.

"ते तिथे गेल्यावर बघू ना. आधी खाण्याचं फिक्स करू."

आमच्याकडे कुणी फार गोड आवाजात वहिनी म्हणालं, की समजायचं पुढे काम येतंय. दोन कुटुंबांनी एका घरात राहायला तेव्हा परवानगी नव्हती. तेवढं कारण पुढे करून मी सहज सुटले असते. पण मला नियमाच्या आड लपायचं नव्हतं.

"मी स्वयंपाक करणार नाही," मी म्हणाले. "एकही वेळ नाही. चहासुद्धा नाही."

"अहो, तुम्ही एकट्या थोड्याच? सगळे मिळून करू. चहा माझ्याकडे लागला."

"गेल्या वर्षभरात तुम्ही चहा कधी केलात?"

नवरा खाकरला. मित्र हसत राहिला, पण हसू जरा आंबलं. आणि तेवढ्यात त्याची बायको, जी इतका वेळ माझे रिकामे कप गोळा करत होती, ती म्हणाली, "असू दे ना ताई. मी करीन सगळ्यांचं. मला काही त्रास नाही."

त्या दोघांपेक्षा मला तिचा राग जास्त आला. पुरुषांशी भांडता येतं. पण हे "मला काही त्रास नाही" म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं? ती एका वाक्यात स्वतः देवी झाली आणि मला कजाग करून मोकळी झाली. मी तिला सरळ म्हटलं, "तुला त्रास नसेल तर तू कर. पण माझ्या नावाने करू नकोस." तिने मान खाली घातली आणि कप आत घेऊन गेली. माझ्या सिंकमध्ये ते विसळल्याचा आवाज आला, तेव्हा मी आणखीच भडकले.

रात्री नवरा म्हणाला, "तू त्यांचा अपमान केलास."

"केला."

"हॉटेलात धड भात तरी मिळणार आहे का?"

मी लॅपटॉप उघडला. त्याच्यासमोर बसून आम्हा तिघांची खोली बुक केली, रात्रीच्या जेवणाच्या टेबलासकट. मित्राने ते घर स्वतःच्या कुटुंबासाठी घेतलं, आणि एकाच शहरात, एकाच शनिवार-रविवारी, दोन्ही कुटुंबं वेगवेगळी पोचली. निघताना नवऱ्याच्या बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळलेली लोणच्याची बाटली सापडली. ती मी काढून परत प्रेसमध्ये ठेवली. कपाटाला प्रेस म्हणायला मी मुलीकडून शिकले आहे. अख्ख्या प्रवासात नवऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्यावर उपकार केल्याचा भाव होता.

किल्ला पाहिला. छान होता. बाजार आम्ही पोचेपर्यंत बंद झाला होता, त्याचं मला काही वाटलं नाही. संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात खिडकीजवळचं टेबल मिळालं. बाहेर लख्ख ऊन होतं. वेट्रेसने मास्कमधून विचारलं, "व्हॉट कॅन आय गेट ये?" तिकडे 'तुम्हा सगळ्यांना' म्हणायचं तर 'ये' म्हणतात. मी सूप घेतलं, मग मासा. सूपबरोबर तपकिरी पाव आला आणि लोण्याची वाटी. मी हळूहळू खात होते. नवऱ्याने माझ्या ताटातला एक तुकडा उचलला, चावला आणि प्रेमाने म्हणाला, "चांगलाय. पण तू याहून भारी करशील. घरी करून बघ ना. सॉसच तर आहे."

मी काटा खाली ठेवला. तो वाईट माणूस नाही. त्याला ती तारीफ वाटत होती.

तेवढ्यात ग्रुपवर मित्राचा फोटो आला. पावभाजीचा. "वहिनी, मिस करताय!" फोटोच्या कोपऱ्यात त्याची बायको पाठमोरी, तव्याशी उभी. मी फोन उलटा ठेवणार होते, इतक्यात तिचा वेगळा मेसेज आला, फक्त मला.

"ताई, तिथे ताटं कोण उचलतं?"

मी त्यात टोमणा शोधला. शोधायची सवयच होती. मग खाली दुसरी ओळ आली. "काही नाही, सहज विचारलं."

ती ओळ वाचून माझा राग गेला नाही. फक्त त्याचं तोंड फिरलं.

"ऊठ," मी नवऱ्याला म्हणाले.

"काय?"

"त्यांच्या घरी जा. गरम पावभाजी आहे, भातही असेल. खा, आणि मग तुम्ही दोघं मिळून भांडी घासा. तिला इकडे पाठव."

"आत्ता? अगं, पण इथे फक्त हॉटेलात उतरलेल्यांना..."

"टेबल तिघांचं आहे. तिघीच बसू."

तो मुलीकडे बघायला लागला. तिने त्याच्या चिप्सचं ताट आपल्याकडे ओढलं. "गो ऑन, डॅड. यू वॉन्ट द पावभाजी एनीवे." ते खरं होतं, म्हणूनच तो गेला.

ती आली तेव्हा केस अर्धे बांधलेले, कुर्त्यावर लाल डाग, हातात पर्ससुद्धा नव्हती. ती खुर्चीत टेकली आणि बसल्या बसल्या आमची ताटं एकावर एक रचायला लागली. काटे एका बाजूला, पावाचे तुकडे रुमालाने गोळा करून.

"ठेव ते," मी म्हणाले. ते इतक्या जोरात निघालं, की लांबच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं. तिने हात मांडीवर घेतले.

वेट्रेसने येऊन ताटं नेली. मित्राची बायको ताटं दाराआड जाईपर्यंत बघत राहिली. वेट्रेस परत आली, तिच्यापुढे मेन्यू ठेवला आणि काय आणू म्हणून विचारलं. तिने मेन्यू उघडला, मिटला, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय घेतलं होतं? मी तेच घेते."

"मला नको विचारूस. तिने तुला विचारलंय."

"मला सुचतच नाहीये हो, ताई."

मी मदत केली नाही. माझ्या मुलीला मध्ये बोलायचं होतं, तिलाही डोळ्यांनी गप्प केलं. वेट्रेस वही घेऊन थांबली होती, तिला काही घाई नव्हती.

"सूप," ती शेवटी म्हणाली. मग थोड्या वेळाने, जरा मोठ्याने, "बट हॉट, प्लीज. व्हेरी हॉट."