उजवीकडे झुकलेली जीप

माझं पोट मोजमापावर चालतं. चाकणच्या एका कारखान्यात मी कॅलिब्रेशन बघते — म्हणजे इतरांची मोजायची साधनं बरोबर मोजतात की नाही, ते तपासायचं. त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचते मी, नाही असं नाही, पण चहाबरोबर खारी खावी तसे. कुणाची सावली हलली वगैरे वाचलं की माझा पहिला प्रश्न — दिवा हलत होता का? आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीये. हसायचं असेल त्यांनी हसून घ्या. मीही तेच केलं असतं.

माझा दादा मागच्या वर्षी गेला. सकाळी बॅडमिंटन खेळला, पायरीवर बूट सोडायला बसला आणि उठलाच नाही. मागे राहिली वहिनी, कोथरूडचा फ्लॅट आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दीड गाडीची जागा अडवणारी त्याची जीप.

जीप जुनी, फोर बाय फोर. पुढे-मागे स्प्रिंगऐवजी लोखंडी पाटे. तीन वर्षांपूर्वी दादाने ती 'लिफ्ट' करून घेतली, म्हणजे खालून उचलून मोठी चाकं घातली, घाटातल्या दगडधोंड्यांत फिरायला. दिसायला झकास. पण सायकलचा पुढचा दांडा थोडा कललेला असतो बघा, म्हणून हँडल सोडलं तरी सायकल सरळ जाते... गाडीच्या पुढच्या चाकांचंही तसंच असतं. गाडी उचलली की तो कल बिघडतो. मग स्टिअरिंग वळवल्यावर आपणहून परत येत नाही, आणि हायवेवर गाडी डुलत चालते. उपाय सोपा — पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून कल परत आणायचा आणि मशीनवर चाकं जुळवून घ्यायची. दादाने पाचरी आणूनही ठेवल्या होत्या. पण पुढचा रविवार, पुढचा रविवार करत ते राहिलंच.

यात वहिनीचं काय, तर तिला ती जीप चालवायची होती. लायसन्स आहे, छोटी गाडी ती रोज चालवते. पण दादा म्हणायचा, "अशी डुलणारी गाडी तुझ्या हातात नाही देणार. सरळ झाली की पहिली तूच चालवायची." दोन वर्षं ही बाई थर्मास मांडीवर घेऊन डावीकडे बसली आणि हेच ऐकत राहिली.

दादा गेल्यावर मी तिला म्हटलं, विकून टाक. नाशिकचं एक गिऱ्हाईक तयार होतं. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. माझा एकच भाऊ होता. आता ही त्याच्या त्या डुलत्या डब्यात एकटी बायपासला जाणार, ट्रकांच्या मधून? शेवटी आमचं ठरलं — वारज्याच्या केदारकडे चाकांची जॉमेट्री, म्हणजे तो कल, दुरुस्त करून घ्यायची. मशीनने हो म्हटलं तर जीप राहील. नाही म्हटलं तर नाशिक. वहिनी फक्त "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" मी ओळखते. त्याच्या मागे रडू असतं.

केदार म्हणजे आयटी सोडून गॅरेज काढलेला माणूस. हात चांगला, जीभ त्याहून तेज. गाडी रॅम्पजवळ लावली तसा लांबूनच म्हणाला, "मॅडम, ही उजवीकडे बसलीये. अशी तिरकी गाडी मी मशीनवर घेत नाही. आधी हिला सरळ उभं राहायला शिकवू."

खरंच झुकली होती. ड्रायव्हरची बाजू बोटभर खाली. त्यात नवल काही नाही, डिझेलची टाकी त्या बाजूला, दादा अंगाने भरलेला, पाटा दमला असणार. केदारने पुढचे-मागचे पाटे काढले आणि उजवीकडचे डावीकडे, डावीकडचे उजवीकडे घातले. पाटा दमला असेल तर आता गाडी डावीकडे झुकायला हवी. झुकली उजवीकडेच. तेवढीच, बोटभर.

मग मी कामाला लागले. फरशी उताराची असेल म्हणून जीप वळवून उलट तोंडाने उभी केली. टायरची हवा बघितली. टाकी रिकामी केली. केदारच्या मोजपट्टीवर भरवसा नको म्हणून दुसऱ्या दिवशी माझी स्वतःची, लॅबमधली पट्टी आणली. केदार म्हणाला, "तुम्ही आलात म्हणून बरं, मॅडम. नाहीतर हे काम एवढं लांबवायचं मला कधी सुचलं नसतं."

त्याच दुपारी तो जीपखाली झोपून नट ढिला करत होता. वैतागून ओरडला, "मॅडम, खाली उतरा हो आधी! हलताय कशाला आत? मला पाटा सोडवायचाय."

मी त्याच्या मागे, पाण्याच्या पिंपापाशी उभी होते. हातात चहाचा कप.

"केदार, मी इथे आहे," मी म्हटलं.

तो सरपटत बाहेर आला. माझ्याकडे बघितलं, जीपकडे बघितलं. दोन्ही दारं बंद, आत कुणी नाही. "पाट्याच्या टोकाचा रबरी बुश करकरला असेल," तो म्हणाला, आणि त्या दिवशी परत जीपखाली गेला नाही. टोमणासुद्धा मारला नाही, हे मला जास्त लागलं.

रात्रभर मी विचार केला आणि सकाळी एक शहाणपणा केला... किंवा मूर्खपणा. डाव्या सीटवर वाळूची पोती ठेवत गेले, दोन्ही बाजू पट्टीवर सारख्या येईपर्यंत. मग ती पोती शेजारच्या भुसार दुकानाच्या काट्यावर तोलली. ब्याऐंशी किलो.

दादाचं वजन ब्याऐंशी होतं. जायच्या आदल्याच आठवड्यात त्याची तपासणी झाली होती आणि त्या आकड्यावरून मी त्याला जेवताना यथेच्छ छळलं होतं. पुरणपोळी त्याच्या ताटातून उचलून घेतली होती.

रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिले. रडू येत होतं आणि आपण मूर्ख आहोत असंही वाटत होतं, दोन्ही एकदम. योगायोग, मी स्वतःला सांगितलं. एका रीडिंगवर कुणी निष्कर्ष काढतं का?

तरी मी ठरवून टाकलं की जीप नाशिकला जाणार. ज्या गोष्टीचं कारण मला सापडत नाही, त्या गोष्टीत मी माझ्या वहिनीला बसू देणार नाही. फोन करून तिला बोलावून घेतलं आणि ती आल्यावर एवढंच सांगितलं, "अगं, होत नाहीये सरळ. दोन्ही बाजूचे पाटे बदलून बघितले. उजवीकडेच झुकते."

वहिनी जीपकडे बघत राहिली. मग हसली. वर्षभरात तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं.

"ते आधी जाऊन बसायचे ना," ती म्हणाली. "हॉर्न वाजवत. मी कुलूप लावून खाली येईपर्यंत जीप अशीच दिसायची. मी बसले की म्हणायचे, चला, लेव्हल आली."

पोत्यांचं मी तिला सांगितलेलं नव्हतं.

ती सवयीने डाव्या दाराकडे गेली. हँडलला हात लावला, आणि थांबली. मग पुढून वळसा घालून उजवीकडे आली. केदार तिथेच पान्हा पुसत उभा होता. वहिनीने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि घरी सोफ्यावर म्हणतात तशा आवाजात म्हणाली,

"अहो, सरका तिकडे."

केदार बिचारा बाजूला झाला. ती त्याला म्हणालीच नव्हती.

पाटे करकरले. वहिनीचा पाय अजून जमिनीवर होता हे मी शपथेवर सांगते, कारण माझी नजर तिथेच होती. जीपची उजवी बाजू वर आली आणि डावी खाली बसली, कुणीतरी बूड उचलून पलीकडे सरकावं तशी. मग वहिनी चढून बसली आणि गाडी हळूच सरळ झाली.

मी पट्टी लावली. दुसरं काही मला येत नाही. डावी बाजू सुतभर खाली होती. वहिनी दादापेक्षा बरीच हलकी आहे.

केदारने त्याच संध्याकाळी पाचरी घातल्या आणि चाकं जुळवली. मशीनवर सगळे आकडे हिरवे. त्यानंतर आम्ही जीप बायपासला काढली. मी डावं दार उघडायला गेले, तर वहिनी स्टिअरिंगवरून म्हणाली, "मेधा, तू मागे बस."

मी मागे बसले. वहिनीने वेग घेतला, वळणावर स्टिअरिंग सोडलं, ते आपणहून सरळ झालं. शेजारून ट्रक गेला तरी गाडी डुलली नाही. वहिनी रडत होती आणि गाडी मात्र झकास चालवत होती.

केदार म्हणतो बुश अडकले होते, ते सुटले. सुटले असतील. रिकामी उभी असते तेव्हा जीप आता सरळ असते. मी एकदा मुद्दाम एकटी ड्रायव्हरच्या जागी बसून बघितलं, तर उजवीकडे झुकली, जशी झुकायला हवी तशी. वहिनी बसते तेव्हाच सुतभर डावीकडे जाते. असं रीडिंग लॅबमध्ये कुणी आणलं असतं तर मी सही केली नसती.

नाशिकच्या माणसाला नकार कळवला. आता सुट्टीच्या दिवशी आम्ही ताम्हिणीच्या बाजूला जातो. थर्मास माझ्या मांडीवर असतो. निघायच्या आधी वहिनी डाव्या सीटचा पट्टा ओढून लावते, मग स्वतःचा लावते. मी मागे बसते.