दोन आयांच्या वकील

वसुधाताईंची माझी पहिली भेट अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरात एका बारशात झाली. मी संस्कृत शिकलेला, म्हणून इथल्या मंडळींनी मला परस्पर भटजी करून टाकलं आहे. ऋचा आणि मेघना यांचं रीतसर लग्न झालेलं. ऋचाने ताराला जन्म दिलेला. संकल्प सांगताना मी सवयीने वडिलांचं गोत्र विचारलं. मागून ताई म्हणाल्या, "गुरुजी, दोघी आयांची गोत्रं घ्या. देवांची हरकत असेल तर युक्तिवाद मी करीन."

जेवताना त्यांनी मेघनाला विचारलं, "दत्तकाचा अर्ज केलास?"

"मावशी, बर्थ सर्टिफिकेटवर माझं नाव आहे ना! माझ्याच मुलीला मी दत्तक घेऊ?"

"घे. सर्टिफिकेट ही नुसती नोंद आहे गं. कोर्टाचा हुकूम दुसऱ्या राज्यालाही मानावा लागतो."

दत्तकाविषयी धर्मशास्त्र काय म्हणतं, ते मी सांगू लागलो. ताईंनी मला थांबवलं. "तुमचे ऋषी मिशिगनच्या कोर्टात साक्षीला येणार आहेत? नाही ना? मग मठ्ठा वाढा." मी निमूटपणे वाढला.

ताई मूळच्या नागपूरच्या. अशा जोडप्यांना लग्नाचाही हक्क नव्हता, तेव्हापासून त्या त्यांचे खटले लढवत आल्या आहेत. अशिलाला खोटा धीर द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे त्या अनेकांना कठोर वाटतात. मलाही वाटत असत.

मेघनाने लगेच अर्ज केला नाही. तारा तीन वर्षांची झाली तेव्हा कुठे मेघनाने तो मनावर घेतला, पण तेव्हा ऋचाचे आईबाबा सहा महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. अर्जानंतर कोर्टातर्फे घर तपासायला बाई येते. ती त्यांच्यासमोर नको, ते परत गेले की बघू, असं दोघींनी ठरवलं. ते जाण्याआधीच बर्फावरून गाडी घसरली आणि ऋचा गेली. "थोडे दिवस ताराला नेतो," म्हणून ऋचाच्या भावाने तिला आपल्या राज्यात नेलं. परत पाठवलं नाही. मेघना तिची कोणीच लागत नाही, असं त्याने तिथल्या कोर्टात सांगितलं. कोर्टाने तारा तूर्त मामाकडे ठेवली.

आता मेघनाला स्वतःच्या मुलीला परक्या देखरेखीखाली भेटावं लागतं. खालच्या कोर्टात ताई हरल्या. अपील चालू आहे. "तेव्हाच सांगितलं होतं" हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून एकदाही आलेलं नाही. वकिलाच्या बाबतीत हा चमत्कारच म्हणायचा. गुडघे कुरकुरत असूनही त्या दर भेटीला मेघनाबरोबर जातात. मागच्या खेपेस मीही गेलो होतो. निघताना ताराने त्यांचा हात धरला.

"आजी, व्हेन कॅन आय गो होम?"

"माहीत नाही, बाळा."

"सून? प्रॉमिस?"

"प्रॉमिस नाही करता येत. पण मी भांडतेय."

ताराने मान हलवली. मेघना भिंतीकडे वळून उभी राहिली.

हा लेख ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त आहे, आणि अशा वेळी शतायुष्य चिंतायचा संकेत आहे. ताईंनी मला आधीच बजावलंय, "शंभर वगैरे लिहू नका. निकाल लागेपर्यंत पुरे." त्यांची ही मागणी आम्ही सर्वजण नम्रपणे फेटाळतो. निकाल मेघनाच्या बाजूने लागो, तारा घरी येवो. आणि त्यानंतर, भांडायला काहीच न उरल्याने ताईंना कंटाळा यावा, इतकं दीर्घ आणि धडधाकट आयुष्य त्यांना लाभो.