उलट्या हाताचे बंद

उंडारतो म्हणे! अक्का फोनवर अजून तेच धरून बसलीय, की मला एका जागी बसवत नाही आणि शुक्रवार आला की मी दिरहम उडवायला निघतो. अगं, या शुक्रवारी शारजाहून अबुधाबीला गेलो ते आईच्या कवळीसाठीच. चिपळूणच्या दाताच्या डॉक्टरने सहा हजार सांगितलेत. साहेबाला माल पसंत पडला तर पाचशे दिरहम, दिरहमला बारा रुपये धरले तर बरोबर तेवढेच. नाही पडला तर नुसते कापडाचे पैसे.

माल काय ते सांगतो. मी सोफ्याच्या दुकानात गाद्या-कव्हरं शिवतो. अबुधाबीत अॅलनसाहेब म्हणून एक इंग्रज मास्तर आहेत, शाळेत इतिहास शिकवतात. जुन्या ग्रीक मडक्यांवर शिपायांची चित्रं असतात, त्यांच्या अंगात चिलखत दिसतं. कापडाचं असावं म्हणतात, पण कापड कुजलं, चित्रं राहिली. साहेबांना चित्रावरून ते करून बघायचं होतं. त्यांचा पेशावरचा ड्रायव्हर खानभाई झेरॉक्सचा गठ्ठा दुकानात देऊन गेला. मी लिननचे पंधरा थर सरसानं चिकटवले. खोलीत असा वास, की रूममेट म्हणाले, "तुझा बकरा बाहेर झोपव."

एकच अडलं. बंद कुठे लावायचे ते चित्रात दिसेना, ढाल आड येत होती. खानभाईला फोन केला. त्यानं साहेबांना विचारून सांगितलं, "बंद उल्टे हाथ पे." लावले.

जाणाऱ्यांसाठी: शुक्रवारी शेअर टॅक्सी आठच्या आत पकडा, नंतर नमाज होईपर्यंत गाडी भरत नाही. सीटचे तीस दिरहम, म्हणजे तीनशे साठ रुपये. मी चिलखत चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "ये कौन है? इसका भी टिकट लगेगा."

"आधा आदमी है भाई, हाथ-पैर नहीं."

"तो आधा टिकट." गाडीतले सगळे हसले, पण पंधरा दिरहम त्यानं खरंच घेतले.

रस्ता सरळ. दोन्हीकडे वाळू आणि सरकारनं लावलेली झाडं, प्रत्येकाच्या बुडाशी पाण्याची नळी. दीड तासात अबुधाबी. पोचल्यावर मलबारी हॉटेलात मच्छी-भात सहा दिरहमला पोटभर मिळतो, आमटी कितीदाही मागा.

साहेबांच्या फ्लॅटवर टेबलखुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. साहेबांनी चिलखत बोटानं वाजवून बघितलं, दारासारखं वाजलं. मग अंगात घातलं आणि बंद शोधायला लागले. बाहेर एकही बंद नाही.

"अंदर है," मी म्हणालो.

"अंदर?" खानभाई ओरडला. "अंदर तो साहब है! बांधेगा कौन?"

"तूच म्हणालास ना, उल्टे पे?"

"उल्टा हाथ बोला, उल्टा हाथ!" त्यानं डावा हात माझ्या नाकासमोर नाचवला. "ये!"

आपल्याकडे उलट बाजू म्हणजे कापडाची आतली. आजोबांच्या बंडीला आतून बंद असायचेच. मी रिकाम्या चिलखतात वरून हात घालून गाठी मारल्या होत्या, बाहेरून सांधा दिसेना म्हणून खूष झालो होतो. साहेब हसले नाहीत. डाव्या हातात ढाल असते, कमजोर सांधा तिच्यामागे लपतो, म्हणून डावीकडे, एवढंच खानभाईकडून समजावलं. माझे पाचशे गेले असं मी धरून चाललो.

सांधा निदान डावीकडेच आला होता. आतले बंद कापले, आरीनं बाहेरून भोकं पाडायला बसलो. पंधरा थर आणि वाळलेला सरस. एक आरी मोडली. दुसरी खानभाईनं गाडी काढून कुठल्याशा मोच्याकडून आणली. चार वाजता चामड्याची वादी ओवून बांधलं. बसलं.

मग साहेबांनी एक झेरॉक्स पुढे केला. त्यात शिपाई तयार होतोय. एक खांदपट्टी छातीवर बांधलेली, दुसरी कानाजवळ ताठ उभी. ही चित्रकाराची लहर की खरं, हेच त्यांना बघायचं होतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पाठ आणि पट्ट्या मी एकाच सपाट तुकड्यातून काढल्या होत्या, जोड शिवायचा कंटाळा म्हणून.

साहेबांनी उजव्या पट्टीची वादी सोडली. पट्टी फट्कन वर गेली आणि त्यांच्या कानाला लागली. तिथेच उभी राहिली, सपाट वाळलेल्या तुकड्याला परत सपाटच व्हायचं होतं.

साहेबांनी कागद बघितला, आरसा बघितला. "सेम," म्हणाले. खानभाई म्हणाला, "माशाल्ला." आणि मला हळूच, "बच गया तू."

परत येताना मांडी रिकामी होती, तीसच दिरहम लागले. अबुधाबी पाहिली असं म्हणता येणार नाही. समुद्र टॅक्सीतून दिसला तेवढाच. पण त्या मडकेवाल्याचा विचार अधूनमधून येतो. त्यानं कुणाला तरी कपडे घालताना नीट बघितलं होतं, पट्टी उडालेली बघितली होती. मनानं नव्हतं काढलं.

आज दुकान सुटल्यावर एक्स्चेंजमध्ये जाऊन आलो. जाण्यायेण्याचं, जेवणाचं, मोडलेल्या आरीचं माझ्या पगारातून. आईच्या नावावर पूर्ण पाचशे दिरहम, सहा हजार रुपये.