अर्ध्या नावाची चादर

मागाच्या कारखान्यात कितीही झाडा, कापसाचा भुसा साठतोच. आमच्या ऑफिसात किश्शांचं तसंच आहे. खाली जागामालकाचे पावरलूम खडखडतात आणि वर पत्र्याखाली आम्ही तिघं सॉफ्टवेअर लिहितो: कांबळे सर, निलोफर आणि मी. ‘सोलापुरात सॉफ्टवेअर?’ असं विचारणाऱ्यांना आधी चहा पाजतो, मग हे किस्से ऐकवतो.

*

सरांनी पुण्याची नोकरी सोडून हे ऑफिस काढलं, तेव्हा समद्या पाहुण्यांनी त्यांना येड्यात काढलं होतं. आमचं एकमेव मोठं गिऱ्हाईक म्हणजे चादरीवाले व्यंकटेशअण्णा. त्यांच्या डिझाइन आम्ही हॅश टेबलमध्ये भरल्या. म्हणजे काय, तर नाव टाका, माल कुठं ठेवलाय ते चुटकीसरशी कळतं. नाव मात्र पूर्ण पाहिजे: ‘डबल-मोर-हिरवा-रुंदकाठ’. आता कारखान्यात असं कोण बोलतं हो?

अण्णांनी नुसतं ‘मोर’ टाकलं. स्क्रीनवर आलं, असा माल नाही. अण्णांनी नमुन्याला आणलेल्या थप्पीतली एक चादर ओढून टेबलावर पसरली, तिच्यावरच्या मोरावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं,

"मग ह्ये काय कोंबडं हाय?"

जाताना सोमवारपर्यंतची मुदत देऊन गेले. नाहीतर काम पुण्याच्या कंपनीला. तसं झालं असतं तर आमच्या ऑफिसला कुलूप आणि सर परत पुण्याला.

*

उपाय निलोफरनं काढला. नावाचा तुकडा घ्यायचा, टेबलातलं एकेक नाव त्याच्याशी ताडून बघायचं, जुळेल ते बाहेर काढायचं. पॅटर्न मॅचिंग म्हणतात त्याला. मी लगेच पुस्तकी शंका काढली, की सगळी नावं तपासत बसलो तर हॅश टेबलचा वेगच जाणार. ती मान वर न करता म्हणाली,

"आत्ता पण फास्टच सांगतंय की. नाही म्हणून!"

मी गुपचूप चहा सांगायला खाली गेलो.

*

आता ‘मोर’ टाकलं की मोरांचा थवाच यायला लागला. त्यातला कुठला दाखवायचा? ह्याचं उत्तर निलोफर घरून घेऊन आली. त्या तिघी बहिणी: निलोफर, निखत, निशात. अम्मी गडबडीत असली की पूर्ण नाव घेत नाही, नुसतं "नि..." म्हणून ओरडते. तिघी पळत येतात. अम्मी तिघींकडं बघते आणि एकीला म्हणते, "तू ठैर, बाकी जाव."

झालं! जुळतील त्या सगळ्या चादरींचे फोटो समोर आणायचे, हवा तो माणसानं निवडायचा. आमच्या कोडमध्ये त्या भागाचं नाव आजही ‘अम्मी’ आहे, आणि ते बदलायचं नाही असा सरांचा हुकूम आहे.

*

टेस्टिंग मात्र सरांनी स्वतः केलं. पॅटर्नमध्ये टिंब आणि चांदणी एवढंच टाकलं, तर त्याचा अर्थ ‘काहीही चालेल’. सरांनी नेमकं तेच टाकलं, आणि सापडेल त्या मालाचं लेबल छापणारा प्रिंटर चालू होता! अण्णांच्या सगळ्या डिझाइनची लेबलं भराभरा निघायला लागली. रोल संपला तेव्हा सर घोट्यापर्यंत लेबलात उभे होते. आम्हाला वाटलं, आता ओशाळतील. सरांनी कमरेवर हात ठेवले.

"एक पण सुटलं नाही बघा."

*

सोमवारी अण्णा आले. बसतात न बसतात तोच त्यांना होटगीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. पोरीच्या लग्नात नेली होती तसलीच चादर पाहिजे म्हणाला. नाव ठाऊक नाही, मोर होता आणि हिरवी होती, एवढंच ध्यानात. सरांनी कीबोर्ड अण्णांपुढं सरकवला. अण्णांनी स्वतःच्या बोटानं ‘मोर’ टाकलं, ‘हिरव’ टाकलं, मधे काहीही असू दे म्हणून टिंब-चांदणी टाकली. दोन फोटो आले. दोन्ही त्यांनी होटगीला पाठवले, आणि तिकडून दुसऱ्या फोटोला लगेच होकार आला, हीच ती! निलोफरनं डोळे पुसले. मला तर लई अभिमान वाटला, उगाच खोटं कशाला बोलू?

तिथंच बसून अण्णांनी पुण्याच्या कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. येऊ नका म्हणाले, काम झालं. पलीकडच्या साहेबानं विचारलं, कुठल्या कंपनीला दिलंत, मुंबईच्या की बेंगळुरूच्या?

"न्हाय हो," अण्णा म्हणाले. "अक्कलकोट रोड. आमच्या मागच्या गल्लीत."