ताईचे दहा कमी

आमच्या ताईला खोटं बोलता येत नाही, असं सगळे म्हणतात. मला हसू येतं. ताई जन्मभर रोज खोटं बोलत आली, फक्त नेहमी दहानेच. डब्यात वीस बिस्किटं असली तरी ती दहाच आहेत म्हणायची. सहा दहाची गाडी तिच्या तोंडी सहाची व्हायची. ऐनवेळी धावपळ नको, कुणी अडकायला नको, एवढाच त्यात हेतू. आणि हीच बाई चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात चोवीस वर्षं काम करते, जिथे केसाएवढा फरक पडला तरी काच बाद होते.

सवयीनं आम्ही सगळे तिच्या आकड्यात मनातल्या मनात दहा मिळवू लागलो. भाऊजी तर डोळे मिटून मिळवायचे. ते लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टवर जेवढं वजन लिहिलेलं असतं त्यापेक्षा थोडं जास्त ती पेलतेच, हे त्यांचं लाडकं वाक्य. बायकोलाही त्यांनी तोच नियम लावला.

दर रविवारी दुपारी आम्ही तिघं कॉम्प्युटरवर खाणीचा खेळ खेळायचो. मी माझ्या घरून, ते दोघं एकाच घरातल्या दोन खोल्यांतून, मधलं दार लावून, कानाला हेडफोन. खाणीत हवा नसते. प्रत्येकाच्या पाठीवर शंभराची ऑक्सिजनची टाकी, ती कमी कमी होत जाते, ओझं असेल त्याची लवकर, आणि वर खाणीच्या तोंडाशी असलेल्या गाड्यापाशी आलं की पुन्हा भरते. आपला आकडा फक्त आपल्याला दिसतो, म्हणून तोंडानं सांगावा लागतो. मी वर गाडा सांभाळायचो. खाली भाऊजी दिवा आणि ड्रिल घेऊन पुढे, ताई टोपली घेऊन मागे. दिव्याशिवाय तिला एक पाऊल टाकता येत नसे. तळापासून गाड्यापर्यंत यायला टाकीतले पंधरा लागायचे.

खरं तर त्या दोघांचं बोलणं आता तेवढंच उरलं होतं. ‘किती?’ ‘चाळीस.’ ‘बरं.’ भांडण नाही, तंटा नाही. भांडले असते तर मी मध्ये तरी पडलो असतो. हे नुसतंच थंड, ऐकून डोकं बधिर व्हायचं. तरी मी दर रविवारी ऐकत बसायचो.

त्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला.

“कारखान्याजवळ खोली बघितलीय. पुढच्या रविवारी जातेय राहायला. कायमची.”

“भाऊजींना सांगितलंस?”

“आत्ताच सांगितलं. ‘बरं’ म्हणाले आणि पेपर उघडला.”

“मग जा की! आठ दिवस आराम कर, डोकं शांत झालं की ये.”

“कायमची म्हणाले मी.”

“हो गं, हो. दुपारी खेळायला आहेस ना?”

“आहे,” ती म्हणाली.

दुपारी नेहमीसारखे खाली उतरलो. म्हणजे ते दोघं उतरले, मी गाड्यापाशी चहा पीत होतो. टोपली भरत आली तेव्हा भाऊजींनी विचारलं, “किती?”

“अठरा.”

म्हणजे अठ्ठावीस, मी मनात म्हटलं. भाऊजींनीही तेच म्हटलं असणार, कारण ते म्हणाले, “मग हे एक ढेकूळ काढूनच जाऊ.”

ड्रिल सुरू झालं.

“आता सोळा,” ताई म्हणाली.

“हो गं, हो.”

“बारा.”

“झालंच.”

तिचा आवाज चढला नाही. मीच जरा चढवून म्हणालो, “ताई, उगाच घाई नको लावूस त्यांना.” स्वतःची अक्कल पाजळायची मला भारी हौस.

ते चढायला लागले. अर्ध्या वाटेवर पडद्यावरच्या ताईचा श्वास ऐकू येईनासा झाला. या खेळात मरताना कुणी ओरडत नाही, फक्त तो आवाज थांबतो. टोपली गडगडत परत तळाला गेली.

“असं कसं?” भाऊजी म्हणाले. “अठ्ठावीस होते ना?”

“अठरा होते.”

“पण तू नेहमी...”

“नेहमी तुमच्यासाठी दहा राखून ठेवायचे. आज नाही ठेवले. आज होते तेवढे सांगितले.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “सकाळी सांगितलं तेही तेवढंच होतं. दोघांनाही.”

माझा चहा निवला होता. मला रडू यायला हवं होतं, निदान लाज वाटायला हवी होती. काहीच वाटेना. पडद्यावर पुन्हा खेळायचं का म्हणून विचारत होतं आणि मी ते वाक्य तीन-चारदा वाचलं.

ताईच्या माइकमधून भाऊजींच्या चपला ऐकू आल्या, मग मधलं दार उघडल्याचा आवाज. भाऊजी आत आले. बोलले ते आपल्या कामातलंच.

“तुझं कपाट लिफ्टमध्ये आडवं बसणार नाही. उभं धरायला दोघं लागतील. मी सुट्टी काढतो.”

“कपाट नेत नाहीये,” ताई म्हणाली. “एक बॅग आहे. ती मला उचलवते.”