आमचे व्याही बिबट बोलावतात

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पिंजून काढले तरी आमच्या व्याह्यांइतका वेळखाऊ माणूस सापडणार नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. वेळखाऊ म्हणजे आळशी नव्हे. आळशी माणसाला दोन शब्द सुनावता येतात. तो ओशाळतो आणि उठतो. आमचे व्याही अंधारात उठतात आणि दिवसभर कामात असतात, फक्त त्यांचं काम म्हणजे वाट पाहणं. वाट कोणाची, तर बिबट्याची. त्यांचं गाव भामरागडच्या वाटेवर, जंगलाला चिकटून आहे. त्यांचे वडील म्हणे जुन्या काळी शिकाऱ्यांसाठी बिबट बोलावून आणत आणि ती विद्या वडिलांनी मरताना या एकट्याच्या हवाली केली. आता शिकारीला बंदी आहे, ती चांगलीच आहे. पण बोलावण्यालाही बंदी घालावी हे कोणाला सुचलं नाही, याचा मला राग आहे.

बोलावायचं साधन म्हणजे एक मडकं. त्याच्या तोंडावर बकरीचं कातडं ताणून बांधलेलं आणि कातड्यातून मोरपिसाची काडी ओवलेली. बोटांना राळ लावून काडी ओढली की मडक्यातून करवत चालल्यासारखा खरखर आवाज निघतो. बिबट असाच ओरडतो. आमच्या झाडीपट्टीत पुष्कळ शेतकरी धानातली डुकरं पळवायला असं मडकं ठेवतात, त्यात जगावेगळं काही नाही. पण व्याह्यांचं मडकं जुन्या लुगड्यात गुंडाळून प्रवास करतं, बसमध्ये खिडकीशी बसतं, आणि त्याला मांडीवर घेऊन म्हाताऱ्या माणसाला जागा द्या म्हटलं तर व्याही स्वतः उभे राहतात, मडकं बसूनच असतं.

माझ्या मुलीच्या लग्नात मला या गृहस्थांची पहिली ओळख झाली. मी लग्नाची आखणी अशी केली होती की पानं मांडणाऱ्यालासुद्धा आपण कधी कुठे असायचं हे ठाऊक होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि वराच्या वडिलांनी हात वर केला. भटजी थांबले. वाजंत्री थांबली. सगळ्यांना वाटलं, काही मानपान राहिला. मी घाबरून पुढे गेले, तर हे डोळे मिटून कान देऊन उभे. नाल्याकडे कुठेतरी वांदर खाकरलं होतं.

"काय झालं जी इवाई?" मी विचारलं. आमच्याकडे व्याह्याला इवाई आणि विहिणीला ईन म्हणतात.

"श्श्! वांदर उगाच नाई खाकरत, ईनबाई. बिबट चालून राह्यला."

"मुहूर्त चालून राह्यला!" मी म्हटलं.

"मुहूर्त का, उद्या बी येते," असं म्हणून त्यांनी हात तसाच ठेवला. अंतरपाट धरणाऱ्यांचे खांदे भरून आले. बिबट आला नाहीच, मुहूर्त मात्र गेला. माझ्या मुलीचा संसार उत्तम चालला आहे, तो मुहूर्ताशिवाय चालला आहे.

तरीही हे एवढं मी सहन केलं असतं. पण गेल्या साली कापणीच्या तोंडावर आमच्याच गावात बिबट शिरला. आमचं गाव वडशापासून जवळ आहे. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठाने आमच्या धानाच्या बांध्या आहेत, तुम्ही त्यांना खाचरं म्हणाल. बिबट्याने आधी बकऱ्या नेल्या, मग एका बाईच्या अंगावर आला. ती वाचली, पण दुसऱ्या दिवसापासून कापणीला यायला एकही बाई तयार होईना. माझी सगळी जुळणी झालेली होती, कोणत्या बांधीपासून सुरुवात, पेंढ्या कुठे रचायच्या, मळणीयंत्र कधी येणार. धान मात्र कोणासाठी थांबत नाही. लोंब्या वाळून चालल्या होत्या आणि वारा सुटला की दाणे बांधीत झडल्याचा आवाज मला घरात ऐकू येई. वर्षाचा तांदूळ तो. वनखात्याने पिंजरा लावला, मागच्या कप्प्यात बकरी बांधली. बिबट लांबून बकरी पाहून जाई. कापणीच्या बायांची म्होरकी, तोंडाने तिखट, ती म्हणाली, "बाई, थो पिंजऱ्यात गेला का सांगजा. आमी इळे घासूनच ठेवलो हावो."

आणि अशा वेळी, कोणी न बोलावता, आमचे व्याही मडकं घेऊन बसमधून उतरले.

खात्याच्या साहेबांनी त्यांना परवानगी का दिली, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा त्यांचाही जीव टेकीला आला असावा. पिंजऱ्यामागे मोहाच्या झाडावर माळा बांधला गेला आणि माझं घर बिबट्याच्या सोयीने चालू लागलं. व्याही आंघोळ करीत नसत, साबणाचा वास बिबट्यापर्यंत जातो म्हणून. घरात लसणाची फोडणी बंद, कारण ती सदऱ्याला लागते. भात आणि बिनफोडणीचं वरण खाऊन आमच्या घरातली माणसं आजाऱ्यासारखी दिसू लागली. खोकला येऊ नये म्हणून ते गालात बेहड्याचा तुकडा धरीत, त्यामुळे मी काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागे, आणि आलं की ते कळत नसे. रोज दिवस कलताना जायचं, अंधार पडला की यायचं, पहाटे पुन्हा जायचं. "आज?" मी दारातच विचारी.

"अजी ईनबाई, बिबट का बस हाये का टायमावर याले?"

बससुद्धा आमच्याकडे टायमावर येत नाही, पण निदान येते.

मग एके संध्याकाळी ते उजळलेल्या चेहऱ्याने परतले. बिबट्याने जबाब दिला होता! बोडीच्या पलीकडून, स्पष्ट. दुसऱ्या दिवशी जबाब आणखी जवळून आला. तिसऱ्या संध्याकाळी साहेब आपली माणसं घेऊन आले, अर्धं गाव दूर बांधावर श्वास रोखून बसलं आणि मीही बसले, कारण बिबट पिंजऱ्यात पडला तर सकाळी बायांना लगेच कामाला लावायचं होतं. व्याही काडी ओढत, थांबत. पलीकडून खरखर येई, दर वेळी जवळ. तिखट तोंडाची म्होरकीसुद्धा पदर तोंडात कोंबून बसली होती. शेवटी पिंजऱ्याजवळची झुडपं हलली, साहेबांच्या माणसाने बॅटरी मारली आणि उजेडात गुडघ्यांवर रांगत बाहेर आला तो पलीकडच्या बांध्यांचा शेतकरी. हातात मडकं. त्याचंही धान उभं होतं आणि त्यालाही वाटत होतं की आपल्याला रोज बिबट जबाब देऊन राह्यला.

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. म्होरकीने पदर काढला. "दोन सापडले जी साहेब! आता पिंजऱ्यात आधी कोणाले टाकता?"

गाव किती दिवस हसलं ते विचारू नका. मी हसले नाही. घरी आल्यावर मी व्याह्यांना, नात्याचा सगळा मान राखून, उद्याची बस कधी आहे ते सांगितलं. ते म्हणाले, "दोन दिस द्या ना जी." मी आत गेले आणि मुलीला फोन लावला, की तुझ्या सासऱ्यांना काहीतरी सांग.

मुलगी म्हणाली, "आई, त्यांच्या बोलावण्यानं आजवर एकही बिबट आलेला नाही. आमच्या गावातले लोकही हसतात. तरी ते रोज जातात."

"एकही नाही?"

"एकही नाही. पण त्यांना वाटतं, पुढचा येईल."

हे ऐकून माझा राग निम्मा व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. जन्मभर नापास होऊन कोणी इतकं निश्चिंत कसं राहू शकतं? पण बसचा विषय मी पुन्हा काढला नाही. साहेबांनीच सांगितलं की उद्याची संध्याकाळ शेवटची, परवा पिंजरा दुसऱ्या गावी जाणार. तेव्हा मी ठरवलं, की आपणच माळ्यावर बसायचं. या माणसाच्या हातात माझं धान एकटं सोडायचं नाही.

बसून राहणं इतकं कष्टाचं असतं हे मला माहीत नव्हतं. डास चावत होते. पाय आखडला. खालच्या बांधीत लोंब्या माना टाकून उभ्या होत्या आणि माझ्या डोक्यात उद्याची कामं भराभर उभी राहत होती. शेजारी व्याही मात्र असे बसले होते की झाडाला फुटलेली फांदी वाटावी. ते काडी ओढत, आणि मग इतका वेळ काही करीत नसत की मला वाटे, झोपले. मी कोपर मारणार, तेवढ्यात ते हळूच एक बोट वर करीत: थांबा.

उजेड अजून पुरता गेला नव्हता तेव्हा जबाब आला. मडक्याचा नव्हे. मडक्याचा आवाज कानाला लागतो, हा माझ्या पोटात लागला. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ओठ लहान मुलासारखे हलत होते. थोड्या वेळाने बोडीच्या काठाने तो आला, अगदी सावकाश, जणू त्यालाही कसली घाई नव्हती. बकरी ओरडली. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो मान वर करून झाडाकडे पाहू लागला, इकडून, मग तिकडून. ज्याने हाक मारली त्याला तो शोधत होता.

व्याह्यांनी मडकं खाली ठेवलं.

मी त्यांचा दंड धरला. बोलता येत नव्हतं, म्हणून बांधीकडे बोट दाखवलं. त्यांनी धानाकडे पाहिलं, बिबट्याकडे पाहिलं, पुन्हा धानाकडे. मग मडकं उचलून काडी एकदाच ओढली, इतकी हलकी, की ती हाक कमी आणि उसासा जास्त होती. बिबट पिंजऱ्यात शिरला. दार पडलं.

सकाळी गाव लोटलं. व्याह्यांच्या गळ्यात हार घालायला लोक शोधत होते, तर हे माझ्या मागच्या अंगणात चहा निववत बसलेले. बिबट्याला लांब जंगलात सोडणार आहेत, एकदा पाहून तर या, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"माझ्यानं नाई पायवत. थो बकरीसाठी नाई आला, ईनबाई. थो मले भेटाले आला होता."

बांधीत बाया उतरल्या होत्या, विळे चालू झाले होते, म्होरकी कोणाची तरी नक्कल करीत होती आणि सगळ्या हसत होत्या. माझं धान वाचलं. मी त्यांचा दंड धरला ते योग्यच केलं, आजही तसंच करीन. नवा तांदूळ निघाला तसा पहिलं पोतं मी त्यांच्याकडे पाठवलं, आणि त्यांनी निरोप धाडला की भात गोड आहे. बाकी काही नाही.

आता पावसाळ्यात त्यांच्याकडचा रस्ता पुराने तुटतो. फोन लागतो तोही नशिबाने. लागला की मी आधी नातवाचं विचारते, मग पऱ्ह्यांचं, म्हणजे धानाच्या रोपांचं, मग सहज विचारल्यासारखं, की जंगलात काही आवाज येतो का.

"येते ना. काल नाल्यापाशी ओरडून राह्यला होता."

"मग?"

"मग काही नाई. मी आयकलो."

आणि मग ते काही बोलत नाहीत, आणि मी, जिला एका फोनमागे दुसरा फोन असतो, तो कानाला लावून तशीच बसून राहते. पलीकडे पाऊस पडत असतो. तो ऐकू येतो.