बैलांच्या गुडघ्याएवढं पाणी

सोनाळ्यात इंद्रभानची बैलजोडी नावाजलेली होती. सातपुड्याच्या उतारावरून सागाचे ओंडके खाली आणायचे, तर बैलही खमके लागतात अन् हाकणाराही. महाराष्ट्र राज्य झालं त्या सालापासून आठ हिवाळे त्यानं ठेकेदाराचा माल वाहिला. सालईखोऱ्यातली दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं त्याच्याच गाडीवरून गेली, अन् त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही.

दर खेपेला तो तिथल्या नाल्यावर बैल पाजायचा. पहिल्या वर्षी भर फाल्गुनातही पाणी बैलांच्या गुडघ्याला लागत होतं. पुढं ते खुरांपुरतं उरलं. सारं खोरं उघडं पडलं, त्या वर्षी पौषातच बैलांनी तोंड खाली घातलं, वाळू हुंगली अन् माना वर केल्या. पाऊस तर चांगला झाला होता. इंद्रभाननं गाडीतून उतरून चहूकडं पाहिलं, तर उतारावर नुसते खुंटच दिसत होते.

घरी त्यानं बायकोला, सत्यभामाबाईला, हे सांगितलं. ती नाल्याच्या खालच्या अंगाला वांगी-मिरच्या लावायची. विहिरीचा दोर दोन वर्षांत तीन हात वाढवावा लागला, असं तिनं सांगितलं.

"आता अर्जुनखोऱ्याचा नंबर हाय," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात कुऱ्हाड लागते."

"माल वाहाले गाड्या कोनाच्या लागतात?" तिनं विचारलं.

अर्जुनखोऱ्यातला माल वाहू नका, असं सांगत इंद्रभान गावातल्या अकरा गाडीवानांच्या घरी जाऊन आला. त्यांतला किसनराव म्हणाला, आपण नाही तर दुसरे येतील. पण विहीर प्रत्येकाचीच खाली गेली होती. शेवटी बाराही गाड्या दारातच उभ्या राहिल्या. ठेकेदारानं आधी गोडीनं सांगितलं, मग दम दिला, मग ट्रक आणला. तो पहिल्याच चढावर रुतून बसला.

मग वनखात्याचे नारायणराव आले. नवे होते, तरुण होते. तोड मंजूर झालेली आहे, ती अडवणारे तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं. इंद्रभाननं फक्त एक दिवस मागितला अन् त्यांना आपल्या गाडीत बसवलं.

सालईखोऱ्यात साहेबांनी हातानं वीतभर वाळू उकरली. कोरडीच निघाली. दुपारी ते अर्जुनखोऱ्यात पोचले. तिथं जुन्या अर्जुनाच्या झाडांची मुळं नाल्याचा काठ धरून होती. बैल सोडताच आपणहून गुडघाभर पाण्यात शिरले. साहेबही बूट काढून उतरले.

"हे मला लिहून द्या," ते म्हणाले.

"मले लिवता येत नाही, साहेब. मी सांगतो, तुमी लिवा. अन् सालईखोऱ्यातला माल म्याच वाहिला, हे बी लिवा."

साहेबांनी लिहिता लिहिता वर पाहिलं, पण तेही लिहिलं. गावात परतल्यावर त्याखाली बारा अंगठे उठले.

कागद बुलढाण्याला गेला. वैशाखात निरोप आला की अर्जुनखोऱ्यातली तोड रद्द झाली. कायमची नव्हे, त्या वर्षापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा अंगठे. तिसऱ्या वर्षी मात्र ते खोरं तोडीच्या यादीतूनच निघालं.

इंद्रभान मग त्याच गाडीतून बायकोची वांगी बाजाराला नेऊ लागला. सालईखोऱ्यात शेळ्या घालू नका म्हणून तो गावभर सांगत फिरला. त्यापायी शेळ्या पाळणारा किसनराव वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. मग एका श्रावणात तोच दारात येऊन उभा राहिला.

"चाल माह्यासंगं," तो म्हणाला. "सागाच्या खुंटांले फुटवे आले. माह्या छातीले लागून राह्यले."

इंद्रभाननं हातातली भाकर तशीच ठेवली अन् चपला शोधू लागला.